देव्हाऱ्यातली मम्मी

परक्याचं मूल सांभाळायचं आणि वेळ आली की देऊन टाकायचं, असं काम मी काही वर्षं केलं. हे कळलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. पैसे किती मिळायचे, आणि जीव लागत नाही का. पहिल्याचं उत्तर ऐकून ते माझी कीव करतात. दुसऱ्याचं उत्तर मी देत नाही. जीव न लागायला मी काय लाकडाची आहे? पण हे चारकोपच्या मार्केटात, हातात मेथीची जुडी धरून कुणाकुणाला सांगत बसायचं?

मूळची मी बालवाडीची बाई. पोरांबरोबर जमिनीवर उठबस करून गुडघे गेले आणि गाणी ओरडून आवाज गेला. त्याच सुमाराला बोरिवलीकडच्या एका अनाथाश्रमातली समाजसेविका आमच्या बालवाडीत यायची. तिला आम्ही सगळे मॅडम म्हणायचो, वयाने माझ्यापेक्षा कितीतरी लहान असली तरी. तिने एकदा विचारलं, तुमच्या घरी एखादं मूल काही महिने ठेवाल का? तान्ह्या बाळांसाठी इथे रांग असते. पण मूल पाच-सहा वर्षांचं झालं, त्यातून काळंसावळं असलं, त्यातून कानात किंवा पायात काही दोष असला, तर इथलं कोणी त्याच्याकडे वळूनही बघत नाही. मग अशी मुलं परदेशात जातात. तिकडच्या आईवडिलांचे कागद पुरे होईपर्यंत मुलाने एका खऱ्या घरात राहावं, म्हणजे घर ही काय चीज असते ते त्याला कळेल, असा तिचा विचार.

विचार चांगला होता. आश्रमातल्या मुलाला घर माहीत नसतं म्हणजे नक्की काय माहीत नसतं, हे मला आधी कळत नव्हतं. त्याला स्वयंपाक माहीत नसतो, कारण जेवण मोठ्या पातेल्यातून शिजूनच समोर येतं. पाणी प्यायलाही ते विचारतं. फ्रीज आपण होऊन उघडता येतो, हे त्याला खरं वाटत नाही. आणि प्रत्येक बाई त्याची मावशी असते, त्यामुळे कोणतीच नसते.

आमचं घर म्हणजे चारकोपच्या एका सेक्टरमधली खोली, स्वयंपाकघर आणि वर पोटमाळा. नवरा जवळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये छापखान्यात होता, सकाळी गेला की अंधार पडल्यावर यायचा. घरात मी आणि सासूबाई. सासूबाई मालवणकडच्या. सासरे गिरणीत होते, गिरणी गेल्यावर हे कुटुंब परळहून इकडे आलं, पण सासूबाईंची भाषा ना परळने बदलली ना चारकोपने. त्या सगळ्यांशी मालवणीतच बोलत. आश्रमातल्या मॅडमशी, डॉक्टरशी, आणि पुढे स्पेनमधल्या बाईशीसुद्धा.

आमच्याकडे तीन-चार मुलं येऊन गेली. मी सांगणार आहे ती शेवटची.

ती आली तेव्हा सहा वर्षांची असावी. उवांमुळे केस बारीक कापलेले, एका कानाने कमी ऐकू यायचं, त्यामुळे बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची. इतकी शहाणी पोर मी जन्मात पाहिली नव्हती. सकाळी उठून स्वतःची चादर स्वतः घडी करायची. जेवली की ताट घासायला मोरीकडे न्यायची. उभी राहा म्हटलं की उभी, बस म्हटलं की बस. शेजारची वहिनी म्हणाली, "काय गं, नशीबवान आहेस तू, अशी गुणी पोरगी मिळाली!" मी हसले, पण मनात धास्तावलेच. आधीच्या मुलांनी मला हे शिकवलं होतं. मूल इतकं शहाणं असतं तेव्हा ते पाहुणं असतं. आपल्याला इथून कधीही काढतील असं वाटत असतं, म्हणून ते जागा कमी व्यापतं.

मी वाट बघत राहिले. पाऊस गेला, गणपती गेले, दिवाळीचा फराळ झाला. एका दुपारी मी बोंबील तळले होते. तिचे दोन तिने खाल्ले आणि मग नवऱ्यासाठी झाकून ठेवलेल्या ताटलीकडे बोट दाखवलं. मी नाही म्हटलं. तिने परत बोट दाखवलं. मी परत नाही म्हटलं. त्यावर ती जी खाली पडली, हातपाय आपटत, तोंड लाल करून, रडताना मधेच श्वास अडकवून! "तू घाणेरडी आहेस! मला नको तू! मला नको तुझं घर!" वहिनीने आपलं दार उघडून विचारलं, "अगं, मारतेस की काय पोरीला?" मी म्हटलं, "नाही हो, चाललंय आमचं." आणि तिच्याजवळ फरशीवर बसले. मला इतकं हायसं वाटलं होतं की बोंबलाची ताटली उचलून तिच्यापुढे ठेवावी असं मनात आलं. ठेवली नाही. रात्री नवऱ्याने स्वतःच्या ताटातला एक दिला तिला.

त्यानंतर ती आमच्या डोक्यावर मिऱ्या वाटायला लागली. केस विंचरू द्यायची नाही, भाजी बघून नाक मुरडायची, माझ्याशी कट्टी करायची आणि पाच मिनिटांनी मांडीत येऊन बसायची. मी दिवसभर वैतागायचे. ते माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते.

मग तिचं ठरलं. स्पेनमधल्या एका लहान गावातली बाई, लग्न न केलेली, औषधाच्या दुकानात काम करणारी. मॅडमने आम्हाला फोटोंचा एक अल्बम आणून दिला. हे घर, ही तुझी खोली, हा पलंग, हे अंगणातलं झाड, आणि ही मम्मी. मम्मीचा एक फोटो मोठा होता. लांब केस, हसरा चेहरा, मागे डोंगर. मॅडम म्हणाली, "मावशी, हा रोज तिला दाखवत जा. ओळख पक्की झाली पाहिजे. तिकडे गेल्यावर मम्मी अनोळखी वाटता कामा नये."

अल्बम एका आठवड्यात फाटायला आला. पोर तो उशाशी घेऊन झोपायची, डाळीच्या हाताने उघडायची. मोठा फोटो तरी नीट राहावा म्हणून मी तो कुठे ठेवू असं म्हणत घरभर फिरत होते. एका खोलीच्या घरात लहान मुलाचा हात पोचणार नाही अशी जागा एकच असते. सासूबाई म्हणाल्या, "अगो, थयच ठेव देवांकडे. थय कोणी हात लावूचा नाय." देव्हारा भिंतीवर उंच होता. फोटो गणपतीच्या आणि आमच्या गावच्या रवळनाथाच्या मधे उभा राहिला. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. तुम्हाला तरी दिसलं असतं का?

आमच्याकडे दिवेलागणीला दिवा लावला की मुलाने हात जोडायचे, हे ओघाने आलंच. ती देवांना हात जोडायची. फोटो देवांमध्येच होता. चार दिवसांत ती म्हणायला लागली, "देवबाप्पा, मला चांगली बुद्धी दे. मम्मी, मला चांगली बुद्धी दे." आम्हाला त्याचं फार कौतुक वाटलं. मॅडम आली तेव्हा तिलाही ते म्हणून दाखवलं, तिने फोनवर त्याचा व्हिडिओ काढला आणि स्पेनला पाठवला. तिकडची बाई तो बघून रडली म्हणे.

आणि मग आम्ही सगळ्यांनी त्याचा फायदा घेतला. दुधी खात नाहीस? मम्मी बघतेय. केस विंचरू देत नाहीस? मम्मीला सगळं दिसतं. सासूबाई तर उठता बसता, "मम्मी बघता हां वरसून. हट्टी चेडू तिका आवडना नाय." मीही म्हणायचे, हट्टी मुली मम्मीला आवडत नाहीत. दमलेल्या माणसाला घरात एक धाक मिळाला की तो वापरतोच. पोर फोटोकडे बघायची आणि मुकाट घास गिळायची. माझ्याशी भांडायची ती माझ्याशी. वरच्या मम्मीशी मात्र तिचं वागणं वेगळं होतं.

ती बाई तिला न्यायला आली. भेट आश्रमातच ठरली होती. तिने केस कापून बारीक केले होते आणि प्रवासाने चेहरा उतरला होता, पण पोरीने ओळखलं. माझं बोट सोडून पुढे गेली आणि वाकून तिच्या पाया पडली. मग हात जोडून उभी राहिली. सगळा आश्रम वा वा करत होता. ती बाई गोंधळून खाली बसली, तिला जवळ घ्यायला हात पसरले. पोर जवळ गेली, पण ताठच उभी होती. निघताना रडली नाही. वळून माझ्याकडे बघितलंही नाही. मॅडम म्हणाली, "बघा मावशी, किती छान तयारी करून घेतलीत!"

यानंतर दर रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल सुरू झाला. आमची संध्याकाळ म्हणजे त्यांची दुपार. तुटेल ते एकदम तुटू नये म्हणून काही महिने बोलत राहा, असं मॅडमनेच ठरवलं होतं. आधी ती बाई यायची. तिचं इंग्रजी माझ्यासारखंच, मोडकंतोडकं, त्यामुळे आमचं चांगलं जमायचं. ती म्हणायची, पोरगी देवदूत आहे. सगळं खाते. आपली खोली आवरते. रोज थँक्यू म्हणते. एकदाही रडली नाही. हे सांगताना तिचा चेहरा उजळलेला असायचा. आणि मला सकाळी उठून चादर घडी करणारी ती पाहुणी पोर आठवायची.

मग पोर फोन घ्यायची. आणि फोन हातात आला, मम्मी खोलीबाहेर गेली, की तिचा सगळा नूर बदलायचा. "मावशी, तू उशिरा का फोन केलास? मी कट्टी आहे. इकडचा भात चिकट असतो. इकडे थंडी असते. तू मला खोटं सांगितलंस, झाड छोटंसं आहे. आजीला दे. नको, तूच बोल. तू वाईट आहेस." आठवडाभराचा सगळा हट्ट ती माझ्यासाठी साठवून ठेवायची. मला ते आवडायचं, हे सांगून टाकते. रविवार उजाडला की मी सकाळपासून तिची वाट बघायचे. तिचं माझ्यावाचून अडतंय, या गोष्टीने माझा सगळा शीण जायचा.

असं थंडी संपेपर्यंत चाललं. एका रविवारी त्या बाईचा चेहरा बघून मला कळलं की काहीतरी झालंय. ती म्हणाली, शाळेतून फोन आला होता. पोरगी लंगडत होती म्हणून शिक्षिकेने बूट काढायला लावला. पायाला मोठा फोड येऊन फुटलेला, मोजा चिकटलेला, आत पू झालेला. बूट केव्हाच लहान झाले होते. ती तसेच घालून रोज शाळेत जात होती, संध्याकाळी मम्मीबरोबर फिरायलाही जात होती. घरी आल्यावर मोजे स्वतः धुवत होती. "मी रोज तिला विचारते, सगळं ठीक आहे ना? ती हसते. मी औषधं विकते, आणि माझ्या घरात मुलाचा पाय..." मग तिने मला विचारलं, ती मला का सांगत नाही? मी काय केलं?

मी म्हटलं, पोरीला द्या. पोर आली. पायाला पांढरी पट्टी, चेहरा नेहमीसारखा. मी विचारलं, "अगं, दुखत होतं तर मम्मीला सांगायचं ना!"

"नाही. मम्मीला आवडत नाही."

"कोण म्हणालं?"

"तूच. आणि आजी. हट्टी मुलं मम्मीला आवडत नाहीत. तिला सगळं दिसतं. तिला वाटलं असतं तर तिनेच नवीन बूट दिले असते ना?"

मी फोन ठेवला आणि देव्हाऱ्याकडे बघितलं. फोटो तिथेच होता. पोर गेली तरी तो काढायचं आम्हाला सुचलं नव्हतं. सासूबाई रोज त्याला कुंकू लावत होत्या, पुढ्यात फूल ठेवत होत्या. समोर साखरेची वाटी होती. देवाकडे कोण बूट मागतं? बुद्धी मागायची, हात जोडायचे आणि जे मिळेल ते गोड मानून घ्यायचं. तिने तेच केलं होतं.

मॅडमला सांगितलं. ती आली, चहा घेतला, सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "मावशी, राग मानू नका. फोटोचं तर आहेच. पण दर रविवारी तिचं रडणं ऐकायला तुम्ही आहात ना, तोवर ती तिकडे कशाला रडेल? तिला मम्मीची गरजच पडत नाहीये. कॉल कमी करायला हवेत."

मला इतका राग आला! कालपरवापर्यंत तुटू नये म्हणून बोला, आणि आता तोडा. मी म्हटलं, "म्हणजे मी नको तर. सरळ सांगा ना यार!" मॅडमला यार म्हणणारी मी पहिलीच असेन. ती बिचारी खाली मान घालून बसली. राग होता कारण ती खरं बोलत होती. मी रविवारी फोनला चिकटून बसले की पोरीचं तिकडे रुजणं तेवढं लांबत होतं. मी सोडलं आणि तिने तिकडेही कुणाला धरलं नाही, तर? मग ती कोणाचीच राहिली नसती.

त्या बाईला सांगणं भाग होतं. मोडक्या इंग्रजीत देव्हारा समजावून सांगायचा म्हणजे नाकी नऊ आले. शेवटी फोन उलटा करून दाखवला. हा गणेश, हा आमच्या गावचा देव, आणि ही तू. ती आधी हसली. मोठ्याने हसली. मग तिने तोंडावर हात धरला. म्हणाली, म्हणून ती माझ्यासमोर हात जोडते. मला वाटायचं ही तुमची पद्धत आहे, मोडायला नको. मीही रोज तिला हात जोडत होते.

तिने विचारलं, आता काय करू? मला काय माहीत! मी म्हटलं, तिच्यासमोर काहीतरी चूक कर. दूध उतू जाऊ दे. चावी हरव. चिडचिड कर. तुझं डोकं दुखतंय, तुला कंटाळा आलाय, हे तिला बघू दे. ती म्हणाली, मी तर रोज काळजी घेते की असं काही तिला दिसू नये. मी म्हटलं, तेच बंद कर बाई.

फोटो मी लगेच काढणार होते. स्टुलावर चढायला लागले तर सासूबाई आडव्या आल्या. "असोच उचलशी? देवाक उठवूचा तर रीतीन उठवूचा."

"अहो, तो देव नाही. ती औषधाच्या दुकानातली बाई आहे."

"माका म्हायत आसा. पण रोज कुंकू लावलंय मी तिका. आणि पोरगी काय समाजता ता महत्त्वाचा. तिच्यासमोर कर."

मला हसू आलं आणि मग वाटलं, म्हातारी बरोबर बोलतेय. गणपती नेताना आपण उत्तरपूजा करतो, अक्षता टाकतो, मूर्ती जागेवरून जराशी हलवतो, आणि मग ती माती होते. पोरीने आमच्या घरी गणपतीत ते बघितलं होतं. टेबल पुसताना माझा चुकून मूर्तीला धक्का लागला तेव्हा, आता बाप्पा गेला का, असं तिने घाबरून विचारलं होतं.

पुढच्या रविवारी सासूबाई चांगलं लुगडं नेसल्या. फोन मी धरला होता. पलीकडे पोर आणि तिच्यामागे ती बाई, दोघी पडद्याजवळ येऊन बघत होत्या. सासूबाईंनी दिवा लावला, फोटोपुढे दहीपोहे ठेवले, अक्षता टाकल्या. काय पुटपुटल्या कोण जाणे. मग फोटो बोटभर सरकवला. थांबल्या. खाली उतरवला, पदराने त्यावरचं कुंकू पुसलं आणि लोहचुंबक लावून तो फ्रीजवर चिकटवला, गॅसवाल्याच्या नंबराशेजारी.

पोरीने विचारलं, "आजी, आता मम्मी देव नाही?"

"नाय गो बाय. आता ती माणूस. आता तिका सगळा दिसणा नाय. तू सांगलंस तरच समजतला. ती चुकतली, वरडतली, आणि तुका पोटाशी धरतली."

पोर मान वळवून मागच्या बाईकडे बघत राहिली. बाईला एक अक्षर कळलं नव्हतं, ती नुसती बघत होती. मग कॉल संपला.

असं वाटलं होतं की यानंतर काहीतरी होईल. काही झालं नाही. पोर तशीच शहाणी राहिली. कॉल मॅडमच्या सांगण्याप्रमाणे महिन्यातून एकदाच होऊ लागले. मधल्या रविवारी मी काय करायचे? भाजी निवडायचे, कपाट आवरायचे, नवऱ्यावर उगाच डाफरायचे. फोनवर ती कुरकुर करू लागली की मी, "हे मम्मीला सांग," एवढंच म्हणायचे. तेच पालुपद. एकदा ती म्हणाली, "तू आता बोअर झालीस मावशी." मी म्हटलं, "हो गं, म्हातारी झाले ना." ती बाई मधेच एक-दोन ओळींचा मेसेज पाठवायची. आज मी मुद्दाम बशी फोडली, तिने तुकडे गोळा केले आणि मलाच सॉरी म्हटलं. आज मला ताप आहे, ती दाराबाहेर बसून आहे, आत येत नाही. मी वाचायचे आणि फोन पालथा ठेवायचे. बाईचाही धीर सुटत चालला होता. एकदा तिने विचारलं, हिला तुमच्याकडेच ठेवलं असतं तर बरं झालं असतं का? या प्रश्नावर मी दिवसभर विचार केला आणि उत्तर दिलं नाही. मी चांगली बाई असते तर लगेच नाही म्हटलं असतं.

उन्हाळ्यात पोरीचं मराठी विरघळायला लागलं. आधी शब्द हरवले, मग वाक्यं अर्धवट राहू लागली, मग ती नुसती हसून मान हलवायची. माझ्याकडे हट्ट करायलाही तिच्याजवळ शब्द उरले नव्हते. तिकडचा हट्ट मात्र अजून सुरू झालेला नव्हता. मला रोज तीच भीती वाटायची, की या दोन्हींच्या मधेच पोरगी राहून जाईल.

परवाचा रविवार. महिना भरला होता. मी फोन लावला. त्या बाईचे केस विस्कटलेले होते, कपाळावर घाम होता. म्हणाली, एक मिनिट, आणि मागे वळून हाक मारली. कोणी आलं नाही. परत मारली. खालून लहान मुलांचा आवाज येत होता, सायकलची घंटी वाजत होती. बाई उठून गेली आणि पोरीला दंडाला धरून घेऊन आली. पोरीचे केस आता खांद्यापर्यंत आले होते. तिने पडद्यावर माझ्याकडे एकदा बघितलं, मग बाईकडे बघितलं, आणि ओरडली.

काय ओरडली ते मला कळलं नाही. त्यात एकही शब्द मराठी नव्हता. बाई काहीतरी बोलली, पोर त्याहून मोठ्याने बोलली. बाईचा आवाज चढला, पोरीचा त्याच्यावर चढला. मग कुणाचा तरी हात लागला आणि फोन पडला. मला त्यांच्या घराचं छत दिसायला लागलं. पांढरं, मधे एक गोल दिवा. दार आपटलं. दार उघडलं. बाई ओरडली, आणि पोर रडायला लागली. घसा फाडून, पाय आपटून. आवाज आधी लांब होता, मग जवळ आला, आणि मग एकदम दबला, तोंड कुणाच्या तरी कपड्यात खुपसल्यावर दबतो तसा. त्यावर त्या बाईचा हळू आवाज, तेच तेच दोन शब्द पुन्हा पुन्हा. रडणं थांबत नव्हतं. ती थांबवायचा प्रयत्नही करत नव्हती.

मी फोनवर आहे, हे दोघींनाही आठवलं नाही. मी बराच वेळ ते छत बघत बसले. मग कॉल बंद केला.

मला आनंद झाला. अगदी खरा आनंद. आणि त्याच वेळी वाटलं, जावं आणि त्या बाईच्या हातातून तिला ओढून घ्यावं.

सासूबाई आतून आल्या. "काय झाला गो? इतक्यात ठेवलंस?"

"रडतेय ती."

"कोणापाशी?"

"आईपाशी," मी म्हटलं.

सासूबाई माझ्या शेजारी बसल्या. थोड्या वेळाने माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "मगे तू कित्याक रडतंस?"